आण्णांच्या तळहाताने निवडलेला वूफर

गेवराईच्या स्टँडवर एसटीतून उतरले, तर समोर बापूची नवी कोरी गाडी उभी. बापू माझा मामेभाऊ, चकलांब्याचा. गाडी घेऊन दोन महिने झाले तरी सीटांवरचं प्लास्टिक त्याने काढलं नव्हतं. बसताक्षणी पाठ चिकटली. पुढच्या सीटवर मामा होते. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. "आलीस का बाई?" एवढं बोलून ते पुन्हा समोर बघू लागले.

बापू फोनवर म्हणाला होता ते खरंच होतं. आण्णांचे कान पार गेले होते. डॉक्टरांनी हात टेकले. मशिन लावलं की नुसती शिटी वाजे, म्हणून तेही पेटीत पडलं. जन्मभर गावच्या भजनात पखवाज वाजवलेला माणूस. एका एकादशीला गाणाऱ्यांचा ठेका ऐकू येईना, ताल सुटला, लोक हसले. तेव्हापासून पखवाज खुंटीला आणि आण्णा घरात. बापूने ठरवलं, कानाला नाही तर अंगाला तरी कळेल. गाडीत वूफर (खर्जाचा आवाज काढणारा मोठा स्पीकर) बसवायचा. आण्णांना घराबाहेर काढायला मी हवी होते, कारण माझा शब्द ते मोडत नाहीत.

गंमत म्हणजे मला वूफरचा भारी तिटकारा. आमच्या पुण्याच्या गल्लीतून तसली गाडी गेली, की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि मी गॅलरीत उभी राहून तिचा उद्धार करते. आता त्याच कामासाठी अख्खी सकाळ एसटीत घालवून आले होते.

बीडला सलीमभाईंच्या दुकानात पोचलो. बापू म्हणाला, "सगळ्यात मोठा दाखवा."

"हा घ्या, बारा इंची," सलीमभाई म्हणाले. "शिरूर कासारचे ट्रॅक्टरवाले हाच नेतात. ऊसतोडीला निघायचं, तर आदी वूफर, मग डिझेल!"

खोक्याला पुढून भोक होतं. भजन लावलं तसं दुकानातलं शटरही वाजायला लागलं. बापू खूश. आण्णांनी खोक्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"लई घुमतंय. थाप पडती, पर उठंना."

सलीमभाईंनी कौतुकाने बघितलं आणि दहा इंची काढला. त्याची पेटी चहूबाजूंनी बंद. आवाज जरा कमी, पण प्रत्येक ठोका सुटा, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आण्णांनी हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली.

"ह्यो."

"आण्णा, लई बारीक हाय ह्यो!" बापूचा चेहरा पडला. आण्णांना अर्थातच ऐकू आलं नाही.

मग वूफरला ताकद पुरवणारा अँप्लिफायर. बापूने खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला उचलला. सलीमभाईंनी तो परत ठेवला. छापील आकडा म्हणजे क्षणभराचा जोर, ते म्हणाले. सतत किती ताकद देतो तो आकडा बघायचा आणि तो वूफरला पेलणारा हवा. जाड वायर थेट बॅटरीपासून ओढायची आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. "वायर कुटं घासली, तर फ्यूज जळावा, गाडी न्हाई." शेवटी अर्थिंग. त्यासाठी मागच्या पत्र्यावरचा रंग खरडून वायर उघड्या लोखंडाला आवळायची होती.

बापू आडवा आला. "खरडायचं न्हाई हां! नवी गाडी हाय."

सलीमभाईंनी परोपरीने सांगितलं, पण बापू ऐकेना. अखेर वायर रंगावरच बोल्टाने दाबली. "आत्ता वाजंल," ते म्हणाले, "पर रंगावर करंट टिकत न्हाई, मी सांगून ठेवतो." काम होईपर्यंत आम्ही शेजारच्या खानावळीत बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ) घातलेली झणझणीत आमटी खाऊन आलो.

परतताना आण्णांनी चपला काढल्या आणि पावलं गाडीच्या तळाला सपाट टेकवली. भजन चालू होतं. त्यांची मान हलत होती. बापू आणि मी गप्पांत रंगलो.

मध्येच आण्णा म्हणाले, "बंद कावून (का) केलं?"

बापूने खुणेने सांगितलं, चालूच आहे.

"न्हाई. थाप गेली."

आम्ही कान दिला. गाणं होतं, टाळ होते. खालचा खर्ज मात्र गायब. दोन धडके कान असून आम्हाला पत्ता नव्हता. मला चक्क लाज वाटली.

वाटेत गढी गावाजवळ गाडी थांबवली. अँप्लिफायरचा दिवा विझला होता. बापूने बोल्ट आवळला, दिवा लागला, दार आपटताच गेला. त्याने सलीमभाईंना फोन लावला. तिकडून एकच शब्द आला, "खरडा."

बापूने बोल्टाकडे बघितलं, मग पुढे आण्णांकडे. ते अनवाणी पावलं तशीच टेकवून वाट बघत होते. "ताई, तुमी इकडं बघू नका," बापू म्हणाला आणि पान्याच्या टोकाने रंग खरडू लागला. लोखंड चकाकेपर्यंत खरडला. वायर पुन्हा आवळली. दिवा लागला तो टिकला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने आण्णांच्या सीटवरचं प्लास्टिकही टराटरा फाडून काढलं.

चकलांब्याला पोचल्यावर आण्णांनी अंगणातूनच सुनेला हाक मारली, "मंगल, जराशी कणीक भिजव."

"आत्ता पोळ्या?" मंगलने मला विचारलं. तोवर आण्णांनी खुंटीवरचा पखवाज काढला होता. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक थापली, की खर्ज लागतो. मंगलचे डोळे भरून आले आणि ती पिठाच्या डब्याकडे धावली.

आण्णा पखवाज मांडीवर घेऊन पुन्हा गाडीत बसले. बापूने भजन लावलं. पहिले काही ठेके आण्णा नुसते पावलांनी घेत राहिले, मग हात पडला. शेजारचे भजनी कुंपणाशी येऊन उभे राहिले. भजन संपेपर्यंत कुणी हसलं नाही, कारण ताल कुठेच सुटला नाही. आनंदाने मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतले. संध्याकाळी गल्लीतून तसलीच एक गाडी आली. सवयीने तावातावाने उठले, पण गॅलरीत गेले नाही. खिडकीच्या थरथरत्या काचेवर तळहात ठेवला आणि गाडी वळेपर्यंत तसाच राहू दिला.

लई घुमत होतं.