बाईचा उजवा

मिस्टर गेले आणि मागे त्यांचा लॅपटॉप राहिला. बोट किंवा पासवर्ड दिल्याशिवाय तो उघडत नसे. पासवर्ड त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. "सांगितला की फुटला," म्हणायचे.

पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना सांगायला मिस्टरच असायचे. ती त्यांनी घरी ह्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली होती. त्यांची आई झरीहून आली ती त्यासाठीच.

"माझ्या लेकाचा आवाज हाय म्हनं ह्या डब्ब्यात. ऐकव की."

"आत्या, तो बोट मागतो."

"मंग दे की. मला जलमभर अंगठाबहाद्दर म्हनला. आता शिकलेल्यालाबी अंगठाच मागायलाय व्हय?"

कॉम्प्युटरचा दुकानदार सगळं पुसून लॅपटॉप नव्यानं चालू करून देणार होता. त्यात आवाजही गेला असता. मी नको म्हटलं.

लॅपटॉप नवा असताना त्यांनी माझंही एक बोट नोंदवलं होतं. कोणतं, ते आठवेना. नंतर कधी लागलंच नव्हतं. पहिलं लावलं, नाही. मधलं, नाही. आणखी चुकलं तर तो बोट घेणंच बंद करेल, हे माहीत होतं.

मग सुचलं. हे रजिस्ट्रीच्या कचेरीत कारकून. सगळी नोकरी खरेदीखतांवर अंगठे उठवण्यात गेली. बाप्याचा डावा, बाईचा उजवा. घरातही त्यांनी तोच नियम लावला असणार.

अंगठा टेकवायला गेले तर बोट ठेवायच्या चौकोनावर, माझी बोटं लागली नव्हती त्या बाजूला, त्यांचा ठसा उरला होता. तेलकट, रेषांसकट. त्यांचे कपडे मी वाटून टाकले होते, चष्मा देऊन टाकला होता, हात कुठं अडला नव्हता. इथं अडला. पण ठशावर ठसा ठेवून मशीन ओळखणार नाही, एवढं कळत होतं. पदरानं पुसलं आणि उजवा अंगठा ठेवला.

उघडलं.

फाईल लावली. आधी खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग शेजारूनच बोलावं तसे ते म्हणाले, "अगं, तो कुकर बंद कर आधी. मधेच शिट्टी होईल."

सासूबाईंनी दाराकडे बघितलं. माझं मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, हात गॅसच्या बटणावर. शेगडी गार होती.

बाहेर वंदना सुरू झाली. विहारातल्यासारखे ते एक ओळ म्हणून थांबत होते, लोकांनी मागून म्हणावी म्हणून. सासूबाई म्हणत होत्या. त्यांची ओळ संपेपर्यंत ते पुढची घेत नव्हते.