डाय मेंटेनन्सची शेवटची रस्सीखेच

आमच्या ह्यांच्या खात्याला कंपनीची रस्सीखेच कधीच जिंकता आली नाही, आणि शेवटच्या वर्षी तर त्यांना माझं मार्गदर्शन होतं.

खातं डाय मेंटेनन्सचं. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारे, क्रेनने उचलायचे जडशीळ साचे. ते दुरुस्त करणारी ही आठ माणसं. सगळ्यांना कंबरदुखी, निम्म्यांना साखर! चाकणची ती कंपनी महिनाअखेर हे खातंच बंद करणार होती. कुणाची बदली, कुणी घरी. क्रीडादिन त्याच्या आधीच्या रविवारी.

"एकदा तरी जिंकून निघावं," हे ताटाकडे बघत म्हणाले.

एरवी जेवताना हे 'मीठ कमी आहे' एवढंच बोलतात. मी लगेच कागद घेतला. (मला याद्यांचा आजार आहे. लग्नाच्या यादीत मी 'नवरा' असंही लिहिलं होतं आणि पुढे बरोबरची खूण केली होती.)

शिफ्ट सुटली की सराव मोशीला, आमच्या सोसायटीत. दोर फाटकाला बांधायचा आणि मी ओरडायचं, "जोर लगा के...!" त्यांनी म्हणायचं, "हईशा!" शेवटच्या टोकाला कमरेला दोर गुंडाळून पठाणभाई. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये त्यांची दोन बोटं गेलेली, पण वजन शाबूत. सगळ्यात पुढे कांबळे. अंगाने काडी, तोंडाने तोफ.

चौथ्या दिवशी फाटक निघून हातात आलं.

"वहिनी, पयला विजय!" कांबळे नाचला. सोसायटीचे सेक्रेटरी नाचले नाहीत. फाटक मात्र आठ जणांनी जेवायच्या आत परत बसवलं, पूर्वीपेक्षा चांगलं. अशा माणसांचं खातं बंद होणार होतं.

रविवारी समोर पेंट शॉप, म्हणजे रंगकामाचं खातं. दंड फुगलेली, जिममध्ये जाणारी पोरं.

"काका, हळू हं, ॲम्ब्युलन्स एकच आहे!"

"तुमच्यासाठीच ठेवलीय भावा!" कांबळे म्हणाला.

ओरडून ओरडून माझा आवाज पार बसला होता. पण मी व्यवस्थित बाई! सकाळीच शिट्टी विकत घेतली होती. ह्यांना सांगायचं तेवढं राहिलं.

पंचांनी रुमाल खाली केला. पोरांनी एक हिसका दिला, दुसरा दिला. आमची माणसं हलेचनात! पोरं दमली. मग आमचे आठ जण एकदम मागे रेलले. दोर इंचाइंचाने आमच्याकडे यायला लागला. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी होतं. पोरांचा पुढचा गडी रेषेपाशी घसरत आला. बस्स, एक शेवटचा जोर!

मी छाती भरून शिट्टी फुंकली.

आठही जणांनी दोर सोडला आणि दोन्ही हात वर केले.

पेंट शॉप धाडकन एकमेकांवर उताणं पडलं, पण उठून दोर ओढत राहिलं. पठाणभाईंच्या कमरेला दोर होता, त्यामुळे ते हात वर केलेल्या अवस्थेतच सरपटत रेषेपलीकडे गेले. हात त्यांनी शेवटपर्यंत खाली घेतले नाहीत!

"अगं, शिट्टी कुणी वाजवली?" ह्यांनी विचारलं. हात अजून वरच.

पठाणभाईंची बोटं गेली तेव्हापासून त्यांच्या खात्यात एकच नियम होता: शिट्टी झाली की हातातलं सोडायचं, हात वर, मग विचार. इतक्या वर्षांत कुणाचं एक नखही गेलं नव्हतं.

पठाणभाई कपडे झटकत आले. "भाभी, रोओ मत. आठही बोटं सलामत आहेत."

"आणि वहिनी," कांबळे म्हणाला, "एकाचा तरी हात मागं राहिला का? टीमवर्क म्हंत्यात ह्याला!"

मग दोराची गुंडाळी त्यांनी नीट करून ठेवली.

खातं बंद झालं. पठाणभाई बदलीवर गेले, कांबळे गावी. हे घरीच असतात. पहिल्याच सोमवारी हे पेपर वाचत होते. कुकरची शिट्टी झाली, पेपर जमिनीवर पडला आणि ह्यांचे हात वर गेले. मी जाऊन गॅस बंद केला.

तेव्हापासून मी डाळ पातेल्यात शिजवते. तास लागतो, गॅस जास्त जातो. पण टीममध्ये आता दोघंच उरलोत, आणि माझ्या मार्गदर्शनाखाली आणखी एक पराभव त्यांना झेपायचा नाही.