मुकादमाच्या कानामागची टोपली

आमच्या घरात आईचा तरुणपणीचा एकच फोटो आहे आणि त्यात आई नाही.

फोटो मिठागरावरचा आहे. कुठल्याशा व्यापाऱ्याने कॅमेरा आणला होता, म्हणून मुकादम छत्री उघडून मधोमध उभा राहिला. एक पाय मिठाच्या राशीवर, जणू ती रास त्यानेच एका रात्रीत उपसली. त्याच्या मागून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या आहेत. आई त्यांतली तिसरी. तिचं तोंड नेमकं छत्रीआड गेलंय. दिसते ती टोपली आणि टोपली धरलेल्या हाताचं कोपर. तरी हा फोटो फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावलेला आहे. घरात नवा माणूस आला की चहा उकळायच्या आत आई त्याला तिथे नेते, बोट ठेवते आणि सांगते, "ही टोपली माजी." पाहुणा टोपलीचं कौतुक करतो. दुसरं करणार काय बिचारा?

ते मिठागर आता नाही. तिथे कंटेनरचं यार्ड झालंय. मी मात्र रोज आमच्या खाडीकाठच्या गावातून रिक्षाने नवीन पनवेलला जाते आणि एका कंपनीत मोबाइलवरच्या गेमसाठी चित्रं काढते. कंपनी म्हणजे सोसायटीतला एक फ्लॅट, त्यात आम्ही चौघं, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर राउटर. आमचे साहेब माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. मला साहेब म्हणू नका असं ते सांगतात, पण निर्णय साहेबांसारखेच घेतात.

सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांच्या गेमसाठी बाया काढून द्यायचो. लढवय्या बाया. हातात पुरुषभर उंचीची तलवार आणि अंगावर चिलखत एवढंसं की हळदीकुंकवाला वाटीत घालून वाण म्हणून द्यावं. शत्रूने पोटात भाला खुपसायचा ठरवला तर त्याला वाटेत कुणी अडवणारं नाही. शेजारचा पुरुष योद्धा मात्र टाचेपासून कानापर्यंत लोखंडात. मी एकदा विचारलं, हिला थंडी वाजत नाही का? ऑर्डर तशीच आहे, असं उत्तर मिळालं. ऑर्डरीत बाईने उभं कसं राहायचं तेही लिहून यायचं: छाती आणि मागची बाजू, दोन्ही एकाच वेळी बघणाऱ्याकडे.

हे शरीराला जमतं कसं ते कळेना, म्हणून मी घरी आरशासमोर तशी उभी राहून पाहिलं. कमरेत अशी उसण भरली की दोन दिवस आडवी होते. आईने तेल चोळता चोळता विचारलं, बसून चित्रं काढणाऱ्या पोरीला उसण भरते कशी? मी मोबाइलवर ती योद्धीण दाखवली. मला वाटलं, आई कपड्यांवरून बोलेल. पण गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून जन्मभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या बाईला उघड्या पायांचं काय कौतुक? तिने चित्र निरखून पाहिलं आणि तिची अडचण सांगितली.

"ही वझं नेल कशी? अशी वलली तं मीठ सांडल."

चित्रातली बाई कुठेतरी निघाली आहे म्हणजे तिच्या डोक्यावर काहीतरी असणारच, हे आईने गृहीतच धरलेलं. मी ही गंमत ऑफिसात सांगितली, सगळे हसले, आणि साहेब हसता हसता थांबले. आपला स्वतःचा गेम करायचा म्हणून ते वर्षभर विषय शोधत होते.

तसा आमचा गेम जन्माला आला. मिठागरावरची एक बाई, उधाणाचं पाणी चढायच्या आत मीठ राशीवर नेऊन टाकायचं, मध्येच बांध फुटला तर तोही बुजवायचा. पुरुष त्यात एकच, मुकादम. सुरुवातीला येतो, बोट दाखवतो आणि छत्रीखाली जाऊन बसतो, तो परत दिसत नाही.

बाई चालते कशी ते बघायला साहेबांनी आईलाच बोलावलं. आई चुंबळ आणि टोपली घेऊन रिक्षातून उतरली. ऑफिसात मीठ कुठलं, म्हणून आम्ही टोपलीत साहेबांची डंबेल्स ठेवली. हलकं हाय, असं म्हणून तिने आणखी मागितली. मग दिवसभर ती हॉलपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून हॉलपर्यंत चालत राहिली आणि आमचा ॲनिमेटर तिचं शूटिंग करत राहिला. ओझं असताना ती मान वळवत नाही, कुणी हाक मारली तर अख्खी वळते. भरल्या टोपलीने सावकाश जाते आणि रिकामी झाली की पळत परत येते. ॲनिमेटर खूश झाला, हे सगळं त्याने गेममध्ये जसंच्या तसं उतरवलं.

निघताना जिन्यात आईने मला थांबवलं. "माजं तोंड दावशील ना? का परत टोपलीच?"

"आई, गेमच तुझा आहे," मी म्हटलं. "सगळीकडे तुझंच तोंड."

बोलायला माझ्या बापाचं काय जातं?

गेम तयार झाला तेव्हा मुंबईहून मार्केटिंगचे सल्लागार आले. गृहस्थ अतिशय सभ्य. कथा सुंदर आहे म्हणाले, बाईला नायक करायला धाडस लागतं म्हणाले, आणि मग म्हणाले की फक्त ती पुढे नको. गेमचं चित्र मोबाइलवर नखाएवढं दिसतं, माणूस क्षणात ठरवतो, आणि मुलगे बाईच्या चित्रावर बोट ठेवत नाहीत, ठेवलंच तर त्या उसणवाल्या बाईवर. आमची बाई लुगड्यातली, चाळिशीची, डोक्यावर टोपली. तिला तसं वळवता येत नव्हतं हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी भिंतीवर खपणाऱ्या गेमची चित्रं लावून दाखवली. सगळीकडे एकेक दाढीवाला पुरुष, डोळे बाहेर आलेले आणि तोंड उघडं. इतके पुरुष एका वेळी ओरडताना मी फक्त आमच्या गावच्या कबड्डीच्या फायनलला पाहिलेत.

"गेममध्ये पुरुष कोण आहे?" त्यांनी विचारलं. मुकादम, असं कुणीतरी सांगितलं. त्याला घ्या, ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडाला आमच्या स्टँडवरचे रिक्षावाले टरकून असतात. पण त्या दिवशी त्या तोंडातून एवढंच निघालं: "दाढी किती ठेवू?"

मुकादम मी एका दुपारीत काढला. समोर काही ठेवायची गरजच पडली नाही, लहानपणापासून तो आमच्या भिंतीवर उभा आहे. छत्री गाळली, दाढी लावली, तोंड उघडलं. एका कोपऱ्यात रिकामं वाटत होतं, म्हणून त्याच्या कानामागे एक टोपली काढली.

घरी सांगायची हिंमत झाली नाही. आईने तोवर बचत गटात आणि दोन हळदींत जाहीर करून टाकलं होतं की माझं तोंड आता मोबाइलात येणार आहे. शिवाय माझा धाकटा भाऊ. तो जमिनींचे व्यवहार करतो आणि उरलेल्या वेळात बॅनर लावतो. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची गाडी येवो, गावाच्या कमानीवर फ्लेक्स लागलाच पाहिजे. गेम आल्याचं कळताच त्याने पनवेलच्या फ्लेक्सवाल्याला फोन केला आणि सांगितलं, मधला फोटो मोबाइलवरून उचल, बाकी नेहमीसारखं.

त्या नेहमीसारख्याने घात केला. फ्लेक्सवाल्याने मुकादमाला कुणीतरी नवा पुढारी समजून मधोमध घेतलं, पाठीशी सिंह बसवला आणि खाली "दमदार नेतृत्व" असं लिहिलं. त्याखाली भावाच्या मित्रमंडळाचे गॉगल घातलेले चेहरे, तीन रांगांत.

आई ठेवणीतलं पातळ नेसून, बचत गटातल्या तिघींना घेऊन बॅनर बघायला गेली. मी मागून धावत पोचले, पण उशीर झाला होता. शाळेच्या रांगेत आपलं पोर शोधावं तशी ती एकेक चेहरा बघत होती. सगळ्या रांगा झाल्या, मग नजर वर मुकादमावर गेली. यो कशाला आला हितं, असं तिने विचारलं. माझा भाऊ फोनवर बोलत असल्यासारखा बाजूला झाला. मग तिने हात वर केला आणि मुकादमाच्या कानामागे बोट दाखवलं.

"ही टोपली माजी," तिने तिघींना सांगितलं.

पाहुण्यांना सांगते त्याच सुरात. धरणी दुभंगती तर मी आनंदाने आत गेले असते. छत्री त्या व्यापाऱ्याने किंवा मुकादमाने मुद्दाम मध्ये आणली नव्हती, ती आली. मी तर बसून, विचार करून, रंग निवडून आईला त्याच माणसाच्या मागे परत उभं केलं होतं. आईने अबोला धरला असता तर परवडलं असतं. तिने संध्याकाळी मला खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं आणि मीठ बरोबर आहे ना, असं विचारलं.

इकडे गावातल्या पुरुषांनी गेम धडाधड घेतला. बॅनरवर आहे तो माणूस आपल्याला व्हायचंय, या हिशोबाने घेतला. उघडला तर बाई, लुगडं आणि टोपली. कुणीतरी पिल्लू सोडलं की शेवटपर्यंत गेलं की मुकादम होता येतं. झालं. कबड्डीच्या मैदानावर, सलूनमध्ये, रिक्षा स्टँडवर, मिश्यांना पीळ देणारे बाप्ये माना खाली घालून मीठ वाहू लागले. आयुष्यात घरातली घागर इकडची तिकडे न केलेले लोक एकमेकांना विचारत होते, तुझ्या किती टोपल्या झाल्या?

बांध फुटायची पातळी मात्र कुणाला ओलांडता येईना. सगळे भरली टोपली घेऊन धावायचे आणि मीठ सांडून बसायचे. शेवटी माझ्या भावाने आईला विचारलं. आई पडवीत वाल सोलत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "वझं घेऊन धावतं कोन? रिकामा येताना धाव."

त्याची ती पातळी सुटली. मग दुसरा आला, तिसरा आला. आमच्या पडवीत शिकवणी लागल्यासारखी माणसं बसू लागली. आई मोबाइलकडे बघायचीही नाही. पाणी कुठवर आलंय एवढं विचारायची आणि पुढचं सांगायची. तीन आठवड्यांनी माझा भाऊ सगळ्यांच्या आधी शेवटाला पोचला. शेवटी ती बाई बांधावर बसून भाकरी खाते आणि गेम संपतो. भाऊ वाट बघत राहिला.

"ताय, मुकादम कवा व्हायचा?"

नाही होता येत, मी म्हटलं. त्याला खरोखर वाईट वाटलं, महिनाभर मीठ वाहून फसवलं म्हणाला. आईने वालाचं सूप बाजूला ठेवलं.

"आमच्यातल्या पन सगल्या बाप्यांना मुकादमच व्हायचा होता," ती म्हणाली. "म्हनून तं टोपल्या बायांच्या डोक्याव होत्या."

पडवीतल्या सगळ्यांना एकदम कामं आठवली आणि ते उठून गेले.

फसवणुकीची ही ओरड आमच्या गावापुरती नव्हती. कुठकुठचे लोक गेमखाली लिहीत होते की दाढीवाला कुठाय, पैसे नाही पण वेळ परत द्या, आणि एकेक तारा देऊन निघून जात होते. म्हणून साहेबांनी चित्र बदलायचं ठरवलं. तत्त्वाचा वगैरे विजय झाला असं मी म्हणणार नाही, तारे कमी झाले म्हणून झालं. मी त्याच दिवशी आईचा चेहरा काढून ठेवला. आजचा, सुरकुत्यांसकट, वर चुंबळ आणि टोपली. साहेबांनी वय थोडं कमी होईल का विचारलं, मी ऐकू न आल्यासारखं केलं. फोनवर सल्लागार होते. बाई चालेल म्हणाले, पण तोंड उघडं हवं.

"नाही उघडणार," मी म्हटलं.

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मी सांगितलं की डोक्यावर ओझं असताना तोंड उघडलं की मान हलते, आणि मान हलली की मीठ सांडतं. सल्लागारांनी विचारलं, हा कुणाचा अभ्यास? मी म्हटलं, आईचा. ती मान स्थिर ठेवण्यात ज्याचा महिना गेला होता तो ॲनिमेटर हळूच म्हणाला, बरोबर आहे. चित्र तसंच गेलं.

खरं सांगायचं तर मुकादमाच्या दिवसांत गेम घेणारे जास्त होते. आता कमी येतात, पण येतात ते शिव्या देत नाहीत. बॅनर भावाने उतरवून घरामागे लाकडांवर टाकलाय. मुकादमाचं तोंड उघडंच आहे, पाऊस पडला की त्यात तळं साचतं.

आईला मी तिच्या मोबाइलवर चित्र दाखवलं. एवढीशी, म्हणाली. मोठं करून बघायला बोट लावलं तर गेमच उघडला. तीनदा तसंच झालं. मग तिने नाद सोडला आणि चष्मा पदराने पुसून नखाएवढंच बघत बसली. छान आहे की नाही, काही बोलली नाही. मला वाटलं, माझं चुकलं ते चुकलंच.

परवा गॅसचा मीटर बघायला एक माणूस आला. चहा टाकायच्या आत आईने त्याला फोटोपाशी नेलं, बोट ठेवलं आणि सांगितलं, "ही टोपली माजी." त्याने टोपलीचं कौतुक केलं आणि तो वळू लागला. आईने त्याला थांबवलं. कमरेचा मोबाइल काढला, लांब धरून हवं ते सापडेपर्यंत बोटाने सरकवलं आणि फ्रेमच्या काचेला, बरोब्बर छत्रीवर, टेकवून धरला.

"आनि टोपलीखाली ही मी."