उसना धर्म, उसनं पातेलं

वाचनालयातल्या भाषणाचा विषय मीच निवडला होता: ख्रिस्ती धर्म कशाकशातून घडला. पवनीत तो कोणी मागितला नव्हता. तेव्हा मी शाळेत मास्तर. नागपूरहून आणलेली दोन पुस्तकं वाचून झाली होती आणि ती कुठंतरी ओतायची होती, एवढंच.

"पहिले अनुयायी यहुदी," मी सांगितलं. "एकच देव, तारणहाराची वाट पाहणं, पाण्यानं शुद्ध होणं, सगळं त्यांच्याकडून आलं. ग्रंथाची भाषा ग्रीक, त्यातला बराच विचारही ग्रीक वळणाचा. प्रसाराला रस्ते रोमन." इथवर ठीक होतं. मग लोक हसावेत म्हणून म्हणालो, "सगळंच उसनं. यांचं स्वतःचं उरलं काय?"

लोक हसले. दवाखान्यातल्या नर्सबाई, आमच्या ओळखीतलं एकुलतं ख्रिस्ती माणूस, दुसऱ्या रांगेत होत्या. त्या पिशवी उचलून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात वैनगंगा घाटाच्या पायऱ्या गिळत वर आली. नाल्यावर पाणी चढलं, भंडाऱ्याची एसटी बंद झाली, आणि दुपारी बायकोला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. सुईण आत जाऊन आली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोर पायाळू हाय. माह्या हातचं नाही. नर्सबाईले बलाव."

नेमकं त्यांनाच. वाटभर नदीचा आवाज पाठीमागून येत होता.

बाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"उसन्या धर्माची बाई चालन काय, गुरुजी?"

"बाई, ते आपलं भाषण होतं..."

"हो, ऐकलं ना मी." आणि त्या चपला घालू लागल्या.

मी अंगणात बसून राहिलो. पाणी तापत होतं ते पातेलं शेजारणीचं, आत दिलेली जुनी लुगडी मावशीची, कंदील समोरच्या दुकानातला. माझं स्वतःचं म्हणावं असं काही आठवेना. आतून बायकोचा आवाज येत होता, मग तोही थांबला. आता पोराचा यायला हवा होता, तो येईना. सुईण तिच्या देवाला हाक मारत होती, बाई त्यांच्या. कोणाचं कुठून आलं हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग बारीकसं रडणं आलं.

"मुलगी आहे," बाई हात धुताना म्हणाल्या. "पण आई लय थकली. मी इथंच थांबते आज."

भाषणाची हकीकत बायकोला पुढं शेजारणीकडून कळली. पोरीला थोपटत ती म्हणाली, "भाषणं द्या जी, मी काई नाही म्हणत. पण घरात कोनाचे दिवस भरत आले हायत, तेवढं पाहून देत जा."