एका वायरीवर चालतं

सर्व्हरमधून एखादी डिस्क काढून टाकली तरी तिचं नाव यादीत तसंच राहतं. अशी जुनी नावं साचत जातात आणि मग एक दिवस किशोरभाऊ कपाळाला हात लावून ती पुसत बसतात. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. बिघाड कधीच दुरुस्त होऊन जातो, किस्सा मात्र पुसला जात नाही!

आमचं दुकान जळगावात. लोकांचे सर्व्हर आणि त्यांची डिस्कची कपाटं सांभाळायचं काम. किशोरभाऊ इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखाली. माझी शाळा नववीतच सुटली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून मी वायरींमध्येच बरा.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याची एक डेअरी. तिथले मॅनेजर नाना. नानांच्या मुलीचं, मनीषाचं, स्थळ किशोरभाऊंना सांगून आलं होतं आणि किशोरभाऊ मनातून केव्हाच बोहल्यावर चढले होते. पण नानांची अट होती. "वर्षभर आमचा सर्व्हर बंद पडू देऊ नका. ज्याला कपाट सांभाळता येत नाही, त्याच्या हाती पोरगी कशी देऊ?"

म्हणजे धुळ्याचा सर्व्हर बसला की लग्न बसलं!

* * *

सर्व्हरपासून डिस्कच्या कपाटापर्यंत दोन वायरी जातात. एक गेली तरी काम दुसरीवरून सुरू राहतं. याला मल्टिपाथ म्हणतात. नानांना हे समजावताना किशोरभाऊ म्हणाले, "जळगावहून धुळ्याला पारोळ्यावरून येता येतं, अमळनेरवरूनही येता येतं. एक रस्ता बंद झाला तरी माणूस पोचतो. तसंच हे. एका वायरीवर चालतं!"

नानांना एकदम पटलं. पुढं पावसाळ्यात त्यांचा फोन आला.

"सर्व्हर फार हळू चालून राहिला. मी चौकशी केली. पारोळ्याजवळ रस्ता खोदलाय."

"बरं, मग?"

"मग त्याला अमळनेरवरून घ्या ना!"

किशोरभाऊंनी डोळे मिटले. बहुतेक मनीषा दिसली असावी. म्हणाले, "घेतो, नाना."

* * *

डेअरीचे स्टोअरकीपर म्हणजे नानांचे मेहुणे. मनीषाचे मामा, म्हणून सगळ्या ऑफिसचे मामा.

एकदा मल्टिपाथचा प्रोग्रॅम सुरूच झाला नाही. तो नसला की सर्व्हरला एकच डिस्क दोन वायरींतून दोनदा दिसते. त्याला वाटतं, दोन डिस्क आहेत. स्क्रीन बघून मामा खूश झाले.

"एक काढून शिंदखेड्याच्या शाखेला देऊन टाका. त्यांना कमीच पडते."

"मामा, डिस्क एकच आहे. आरशासमोर उभे राहिलात की तुम्ही दोन दिसता, म्हणून आरशातल्याला शिंदखेड्याला पाठवता येईल का?"

मामांनी खरंच विचार केला. "पाठवलं तर बरंच की हो. त्याला गाडीभाडं लागणार नाही!"

* * *

दोन रस्त्यांचं हे खूळ विजेलाही लागू असतं. सर्व्हरला दोन प्लग असतात. यावलला केळीच्या एका व्यापाऱ्याचं ऑफिस अक्का सांभाळतात. तिथं दोन्ही प्लग एकाच बोर्डात होते. मी धीर करून फोनवर सांगितलं, "अक्का, दोन वेगळ्या बोर्डांत लावा."

"लावले भाऊ."

आम्ही दोघं जाऊन बघतो तर बोर्ड दोन होते, पण दुसरा बोर्ड पहिल्यात खोचलेला! मी किशोरभाऊंकडं बघितलं.

"त्याच्याकडं काय बघतोस?" अक्का म्हणाल्या. "वेगळ्या रंगाचासुद्धा आणलाय."

* * *

खंडेनवमीला धुळ्यात कपाटाची पूजा झाली. झेंडूचा भलामोठा हार घातला. तो नेमका पंख्यावर आला, हवा कोंडली आणि ऐन आरतीत कपाट पीं-पीं करायला लागलं. सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले. मामांच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

किशोरभाऊंना मोबाइलवर इशारा आला. त्यांनी घाबरून फोन लावला. "नाना, हार काढा! आधी हार काढा!"

"आरतीच्या मधी हार काढता का कुठं? अपशकुन शे तो!"

"मग आरती तरी लवकर आटपा!"

नानांनी फोन तसाच चालू ठेवला. शेवटी जळगावात, दुकानाच्या काउंटरमागं उभं राहून किशोरभाऊंनी टाळ्या वाजवत आरती पूर्ण केली. मला म्हणाले, "भो, तू पण वाजव. लवकर संपेल."

* * *

सर्व्हर आणि कपाटामधली ही वायर साधी नसते. आत काचेचा धागा असतो, घडी घातली की मेली. मामांना दिलेली जादा वायर त्यांनी "जपून ठेवली" म्हणजे चार घड्या घालून, वर रबर लावून! म्हणून दुसरी आणली तेव्हा किशोरभाऊंनी स्वतः तिचं मोठं वेटोळं करून नानांच्या हातात दिलं. नानांनी ते घरी नेऊन बायकोच्या शालूंमध्ये ठेवलं.

"ऑफिसात उंदीर आहेत," ते म्हणाले. "घरच्या कपाटाची किल्ली मनीषाकडं असते. लागली तर तिच्याकडून न्या."

तेव्हापासून किशोरभाऊ एखादी तरी वायर खराब व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

* * *

वर्ष सुखरूप सरलं. पोह्यांचा कार्यक्रम ठरला. किशोरभाऊ, त्यांची आई आणि सोबतीला मी, असे धुळ्याला गेलो. कार्यक्रमात वाजायला नको म्हणून आईनं किशोरभाऊंचा फोन सकाळीच बंद करायला लावला होता. नाना आणि मामा समोर बसले होते. चहा आला. तेवढ्यात नानांचा फोन वाजला. डेअरीचा ऑपरेटर इतका ओरडत होता की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"नाना, बठ्ठं बंद शे, सगळंच! डिस्कच दिसत नाही!"

किशोरभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन्ही वायरी एकदम जाणं शक्यच नाही हो," ते पुटपुटले.

नानांनी हळूच सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि घडी घातलेली वायर टीपॉयवर ठेवली.

"एक मी काढली. सकाळी. म्हटलं, जावई म्हणतात तसं एकीवर चालतं का, बघावं. चाललं हो! मला इतका आनंद झाला..."

मामांनी कप खाली ठेवला.

"दाजी," ते म्हणाले आणि त्यांनीही खिशातून वायर काढली. चार घड्या, वर रबर. "येता येता मीही एक काढली. मलाही तेच बघायचं होतं."

किशोरभाऊंच्या आईनं पदर तोंडाला लावला.

"म्हणजे," नाना सावकाश म्हणाले, "सर्व्हर बंद पडलाच की."

आतून मनीषा आली. हातात पोहे नव्हते. मोठं वेटोळं केलेली वायर होती. ती तिनं किशोरभाऊंसमोर धरली.

"एका वायरीवर चालतं ना?"

"चा... चालतं."

"मग उठा. मीही येते." मग ती नाना आणि मामांकडं वळली. "आणि तुम्ही दोघं, सर्व्हर सुरू होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पोह्यांनासुद्धा!"