लडकू मिस्त्रीचा साडेसहाचा गिअर

लोधिवलीच्या फाट्यावर, जुन्या हायवेला लागून लडकू मिस्त्रीचं गॅरेज आहे. पस्तीस वर्षं या माणसाने लोकांच्या गाड्या जोरात पळतील अशा करून दिल्या, पण स्वतः कधी घाई केली नाही. तो जेवायला बसला की बायको, जयवंता, भांडी घासून अंगण झाडून यायची, तरी ह्याचा भात चालूच. "आपल्या लग्नात भटजी दुसरं लगीन लावून परत आला, तवा तुमचं सातवं पाऊल पडत होतं," असं ती त्याला पाहुण्यांदेखत ऐकवायची. लडकू त्यावर हसायचा, पण तेही जरा उशिराने.

गिऱ्हाईक मात्र एकजात घाईचं. "मिस्त्री, पिकअप नाय गाडीला." "मिस्त्री, घाटात मागची गाडी पुढं जाते." लडकू पाने उचलायचा आणि त्यांना हवा तो जोर देऊन टाकायचा.

म्हणून जानेवारीत नेरळहून नवीन नावाचा माणूस आला आणि म्हणाला, "मिस्त्री, मला गाडी सावकाश करून पाहिजे," तेव्हा लडकूने हातातला पाना खाली ठेवला आणि त्याला बसायला स्टूल दिलं. गिऱ्हाइकाला स्टूल देण्याची ही पहिलीच वेळ.

नवीन कंप्युटरवाला. नवव्या मजल्यावर फ्लॅट, आणि त्याने नुकतीच एक जुनी पेट्रोलची फोर बाय फोर जीप घेतली होती. तिला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी पेटी होती, ट्रान्सफर केस म्हणतात ती. इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटायचं काम तिचं. त्या पेटीतला लो गिअर टाकला की चाकं हळू फिरतात आणि तेवढीच ताकद वाढते. कारखान्यातून आलेला लो वेग अडीचपटीने तोडायचा. नवीनला तो आणखी खाली न्यायचा होता.

"बाजारात चारपटीचे गिअर मिळतात, पाचपटीचे मिळतात, साडेसहापटीचेपण मिळतात," नवीन म्हणाला. "मला कळत नाही कुठले घ्यावेत. तुम्ही सांगा."

"चढ दाखवा आदी," लडकू म्हणाला.

नवीनला गाडी चढवायची होती तो चढ कातळवाडीचा. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची पंचवीस घरं, आणि खालच्या विहिरीपासून वाडीपर्यंत पाऊण किलोमीटर दगडधोंड्यांची वाट. वाटेत बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. शेवटचा टप्पा असा, की पाहणाऱ्याची टोपी मागे पडावी. नवीन फोनवर उंची मोजत होता. लडकू एका दगडावर बसून राहिला. तेवढ्यात खालून ठकी आली. साठी ओलांडलेली, डोक्यावर लाकडाचा हा एवढा भारा. ती ना कुठे थांबली, ना धापा टाकल्या. एक पाऊल, मग दुसरं पाऊल, अशी ती त्या उभ्या टप्प्यावरून वर निघून गेली.

लडकूने घड्याळ काढलं. "आजे," त्याने हाक मारली, "परत एकदा चढशील का गं?"

ठकीने वरून वळून पाहिलं. "खुळा हायस का रं तू?"

शेवटी लडकू दुसऱ्या दिवशी परत गेला, तिसऱ्या दिवशीही गेला, आणि ठकी आपल्या कामाला चढत असताना तिच्यामागे घड्याळ धरून चालला. मिनिटाला दहा-अकरा मीटर. तिन्ही दिवस तेवढंच. गॅरेजात येऊन त्याने खडूने शटरवर गणित मांडलं: इंजिन नुसतं फुरफुरतं तेव्हाचे फेरे, पहिला गिअर, मागचा पिनियन, चाकाचा घेर. चारपटीला उत्तर जास्त येत होतं, पाचपटीलाही जास्त. साडेसहाला बरोबर ठकी आली.

"साडेसहाच मागवा," त्याने नवीनला फोन केला. "त्या चढावर तीच चाल खरी."

"कुणाची चाल?"

"आजीची."

नवीन कंप्युटरवाला असल्यामुळे त्याने फार विचारलं नाही.

पार्सल दक्षिणेतून आलं. लडकूने पेटीतलं तेल काढलं, शाफ्ट सोडवले, पेटी जॅकवर घेऊन खाली उतरवली. नवा मोठा गिअर आत जाईना, पेटीच्या भिंतीला घासत होता. मग दोन दिवस त्याने ग्राइंडरने ती भिंत आतून थोडी थोडी खरवडली. जास्त खरवडली तर पेटीला भोक, कमी खरवडली तर दात तुटणार. नवे बेरिंग, नवे सील बसवले. जयवंता डबा घेऊन आली तर हा पेटीला कान लावून बसलेला.

"काय म्हणते?" तिने विचारलं.

"काय नाय म्हणत. म्हणून तर बरंय."

मार्चच्या एका रविवारी सकाळी ते जीप घेऊन कातळवाडीच्या विहिरीवर पोहोचले. वाडीचे लोक जमले. पोशा नावाचा म्हातारा खिडकीतून डोकं घालून दांडा न्याहाळू लागला. "ह्ये काय लिवलंय?"

"हाय आणि लो," लडकू म्हणाला. "हाय म्हंजे जोरात, लो म्हंजे सावकाश. मदे हाय तो न्यूट्रल."

"म्हंजे हाय हाय, आन् मदे नाय हाय," पोशाने मान डोलावली. त्याला सगळं पटलं होतं.

नवीनने काचा वर केल्या, लो टाकला, पहिला गिअर टाकला, पाय ॲक्सिलेटरवरून काढून घेतला. गाडी निघाली. निघाली हे कळायलाच थोडा वेळ लागला. चाकं चाकोऱ्यांत बसली आणि बाहेर उभ्या लडकूच्या समोरून गाडी आपली आपण चढू लागली. नवीनचे डोळे भरून आले. "मिस्त्री, मी व्हिडिओ काढतो!" म्हणत तो चालत्या गाडीतून खाली उतरला आणि धूळ आत जाऊ नये म्हणून त्याने दार लावून घेतलं.

टक्, असा आवाज झाला. मागच्याच आठवड्यात त्याने गाडीला आपोआप लागणारं कुलूप बसवून घेतलं होतं. काचा बंद, किल्ली आत आणि गाडी चालू.

"मिस्त्री!" नवीन ओरडला. "गाडी पळाली!"

गाडी मिनिटाला दहा मीटरने पळत होती. वाटेत एक कुत्रं झोपलं होतं. गाडी जवळ आल्यावर ते उठलं, पुढचे पाय ताणले, मागचे ताणले, अंग झाडलं आणि मग बाजूला गेलं.

पोशाने एक मोठा धोंडा आणून चाकापुढे टाकला. चाक धोंड्याला टेकलं, जरा विचारात पडल्यासारखं झालं आणि वर चढून पलीकडे उतरलं. मग चौघांनी सागाचा ओंडका आणला. गाडी ओंडक्यावरूनही गेली. लडकूच्या तोंडून "वा!" निघून गेलं. नवीनने त्याच्याकडे पाहिलं.

"काच फोडू या का?" विकासने विचारलं. हा वाडीतला पंचविशीचा गडी, कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर नोकरीला.

"नको, नको! ही काच आता कुठे मिळत नाही," नवीन म्हणाला. "दुसरी किल्ली घरी आहे. नेरळला."

"मग बसा मागं," विकासने मोटरसायकल काढली. "तासाभरात जाऊन येऊ. तवर कुठं जातेय ती?"

"मिस्त्री, लक्ष ठेवा!" जाता जाता नवीन ओरडला आणि धुरळ्यात दिसेनासा झाला.

आता लडकूच्या मनातली गोष्ट सांगायला हवी. त्या जीपचं बॉनेट बाहेरून उघडायचं होतं, दोन बाजूंना दोन खिट्या. खिट्या काढायच्या, एक वायर ओढायची, इंजिन बंद. हे त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. धोंड्याच्या वेळी त्याने खिटीला हातही लावला होता. मग त्याने तो हात खिशात घातला आणि गाडीच्या बाजूने चालू लागला.

पोशाला धाप लागली. "एवी ती जातेच हाय, तर बसतो," म्हणून तो पुढच्या बंपरवर टेकला आणि विडी काढली. विहिरीवरून पाणी घेऊन येणाऱ्या बायकांपैकी एकीने आपला हंडा बॉनेटवर ठेवून पाहिला. पाणी हिंदकळलं नाही. मग आणखी दोन हंडे आले. अंगणवाडीच्या रूपालीबाई पोरांची रांग घेऊन मागे चालू लागल्या. कुणी तरी काचेला हळदकुंकू लावलं. पहिल्यांदाच वाडीत येणारी गाडी, तिचं काही करायला नको?

उभा टप्पा आला. लडकू गाडीच्या आणखी जवळ सरकला. तेवढ्यात भारा घेऊन ठकी त्याच्या बाजूला येऊन चालू लागली. दोघं आणि गाडी, तिघं एका चालीत.

"मिस्तरी," ठकी म्हणाली, "तुला थांबवता येतं ना रं हिला?"

लडकूने आजूबाजूला पाहिलं. "येतं."

"मग?"

"आजे, चढ संपू दे."

ठकीने चार पावलं विचार केला. "माज्या अंगणात नाय येऊ द्यायची," ती म्हणाली. "पडवीत नाचणी वाळत घातलीय."

"नाय येणार."

"मग चढू दे."

शेवटच्या टप्प्यावर एक मागचं चाक हवेत उचललं गेलं. बायका ओरडल्या आणि त्यांनी हंडे उतरवून घेतले. पोशाने मात्र विडी सोडली नाही. गाडी कुरकुरली, गिअरचा बारीक एकसुरी आवाज आला, चाक परत टेकलं, आणि गाडीचं नाक हळूहळू खाली आलं. माथा आला होता. पुढे वीस पावलांवर ठकीची पडवी. लडकूने खिट्या काढल्या, बॉनेट वर केलं, वायर ओढली. एकदम शांतता पसरली. आपण इतका वेळ हसत होतो, हे त्याला तेव्हा गाल दुखल्यावर कळलं.

नवीन दुसरी किल्ली नाचवत आला. गाडी सहीसलामत पाहून त्याने लडकूला मिठी मारली. "थांबली कशी?"

खोटं बोलायचं तर इतकं सोपं होतं. पण लडकू म्हणाला, "मीच थांबवली. आदीपन थांबवता आली असती. नाय थांबवली."

नवीन लालबुंद झाला. "आणि दरीत गेली असती तर?"

"तर मिनिटाला दहा मीटरनं गेली असती," पोशा बंपरवरून म्हणाला.

लडकूने वायर परत जोडून बॉनेट लावलं, पोशा बंपरवरून उतरला, आणि नवीन गाडीत बसून लो गिअरमध्येच रागाने निघून गेला. त्या गिअरमध्ये रागावून जाणं फार अवघड असतं. पहिल्या वळणाआड जायला त्याला नऊ मिनिटं लागली, आणि तोवर सगळी वाडी त्याला हात हलवत उभी होती.

दोन महिने त्याचा फोन नाही. पण व्हिडिओची पहिली पंधरा सेकंदं त्याने कुठे तरी टाकली असावी, कारण मे महिन्यात पनवेलहून हर्षला नावाच्या बाई मोठी गाडी घेऊन लोधिवलीला आल्या. म्हणाल्या, "मलाही सावकाश गिअर बसवायचेत. किती पटीचे घेऊ?"

"आदी कातळवाडीचा चढ चालून या," लडकू म्हणाला, "मग सांगतो."

बाई वैतागल्या, पण गेल्या. चार दिवसांनी त्या परत आल्या त्या रिक्षाने, उन्हाने रापलेल्या, पायात कापडी बूट. चढ तीनदा चालून झाला होता, ठकीकडे नाचणीची भाकरी खाऊन झाली होती.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "गिअर नकोत. मी गाडीच विकतेय."

चांगलं काम हातचं गेलं. डबा घेऊन आलेली जयवंता काही तरी बोललीच. लडकूने बाईंसाठी स्टूल पुसलं आणि चहा सांगितला. दोन कप.