म्हणे, साधं खेळ!

शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला तासभर उभं राहा, एक तरी किस्सा पदरात पडतोच. बुटांचा चिखल घरी येऊन झाडता येतो, किस्से नाही झाडता येत! माझी आठ वर्षांची सई इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्न गावच्या क्लबात फुटबॉल खेळायला लागली, तेव्हापासून माझ्याकडे ढीग झालाय.

सईला बॉल आधी गोल फिरवल्याशिवाय पास देववत नाही. टाचेनं मागे, गुडघ्यावरून पुढे, आणि गोल झाला की नाच! कोच म्हणजे टीममधल्याच एका मुलीचा बाबा, उंचीला दाराएवढा. तो ओरडतो, "साधं खेळ! हे ब्राझील नाही!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यातलं 'ब्राझील' एवढंच कळलं, मला ते सईचं कौतुकच वाटलं. मी हसून हात हलवला!

* * *

आमच्या शेजारच्या शांतीमावशी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या. पणजोबा बिहारकडून तिकडे मजुरीला गेलेले, म्हणून जुन्या वळणाची हिंदी बोलतात. "आमच्या गावासमोर नदी. पलीकडे गयाना, तिथली पोरं वेस्ट इंडिजकडून क्रिकेट खेळायची. खाली जंगल ओलांडलं की ब्राझील."

"मग तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"जो नाचत जिंकेल त्याच्या!"

"आणि हरला तर?"

"तर मी नाचते. कुणीतरी नाचायला हवंच की!"

* * *

दोन हजार सोळाला टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये वेस्ट इंडिजनं आपल्याला हरवलं. नवऱ्याच्या ऑफिसातला नितीन आमच्या सोफ्यावर हातपाय गाळून बसला होता.

"यांना प्लॅनिंग नाही, डोकं नाही. नुसती ताकद! ब्राझीलचंही तेच. जन्मतःच येतं त्यांना."

मावशी रिकामा डबा परत द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "जिंकले की जन्मतःच येतं. हरले की नाचत बसले होते. मग बाबा, ते सराव कधी करतात?"

नितीननं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. नवरा मला म्हणाला, "चहा टाक गं."

मी म्हटलं, "प्लॅनिंग तुमच्याकडे आहे ना? तुम्हीच टाका!"

* * *

मे महिन्यात कोचनं मला बाजूला घेतलं. "सई अशीच खेळली तर सुट्टीनंतर टीममध्ये जागा देता येणार नाही."

तिच्या सगळ्या मैत्रिणी या टीममधल्या. टीम गेली की पोर एकटी! सायकलवरून येताना ठरवलं, आज हिला समजावायचंच.

घरी आले तर माझ्याआधी पोचलेली सई मागच्या भिंतीवर बॉल मारत होती. एकच उलटी किक. चुकली की पुन्हा. चाळीसपर्यंत मी मोजलं, मग कुकर लावायला गेले. समजावणं राहिलंच.

पुढच्या शनिवारी मी कोचला गाठलं. मी सातवी शिकलेली, माझं डच भाजी घेण्यापुरतं. तेवढ्यावरच म्हटलं, "ही मस्ती नाही. काम आहे. रोज करते."

"पण पास?"

"पास देईल. आधी काम संपू दे!"

नवरा म्हणाला, "असं बोलतात का? काढतील तिला!"

"काढू देत!" म्हटलं खरं. पण रात्री दोनदा उठून फोनवर क्लबचा मेसेज आलाय का बघितलं.

* * *

सीझन संपताना इथे आईबाबा विरुद्ध मुलं अशी मॅच असते. मला गोलमध्ये उभं केलं. कोच आमच्याच बाजूनं. मॅचनंतर तो पुढच्या टीमची नावं सांगणार होता. सकाळीच मी सईला हळूच म्हटलं होतं, "आजच्या दिवस साधं खेळ गं."

सई बॉल घेऊन निघाली. दोन बाबा मागे पडले. कोच पाय फाकवून आडवा आला. तिनं बॉल थेट त्याच्या दोन पायांमधून काढला! तो वळायला गेला आणि गवतावर बसला.

समोर फक्त मी, आणि मी घाबरून केव्हाच बाजूला झाले होते. सगळा गोल मोकळा!

सई थांबली. बॉलवर पाय ठेवून मागे वळली.

"अगं, मार की!" मी ओरडले.

एरवी मराठीला डचमध्ये उत्तर देणारी पोर चक्क मराठीत म्हणाली, "थांब ना आई, काकांना उठू दे. परत करायचंय!"